‘आयबीपी’ या तीन अक्षरांमागे कोण होते? जुन्या तेल कंपनीचा माग काढण्याची रीत

माल भरून मुंबईला जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी हमरस्त्यावरच्या पंपांवर ‘आयबीपी’ ही तीन अक्षरे वर्षानुवर्षे पाहिली आहेत. २००७ साली ही कंपनी इंडियन ऑइलमध्ये विलीन झाली आणि हळूहळू पाट्याही बदलल्या. या अक्षरांचा पूर्ण अर्थ ‘इंडो-बर्मा पेट्रोलियम’ असा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. कंपनी ८ फेब्रुवारी १९०९ रोजी रंगूनमध्ये स्थापन झाली, आणि तिच्या जन्माशी एका मेमन व्यापाऱ्याचे नाव जोडलेले आहे. हे तर त्याहून कमी लोकांना माहीत आहे.

त्या व्यापाऱ्याचे नाव सर अब्दुल करीम अब्दुल शकूर जमाल. जन्म १८६२, इंतकाल १९२४. घराणे काठियावाडातील जामनगरचे, पण कारोबार वाढला तो ब्रह्मदेशात. तांदळाच्या गिरण्या, कापसाचे जिनिंग, सरकीचे तेल असा त्यांचा पसारा होता. आम्ही कापडवाले, म्हणून कापसाच्या बाजूने या गृहस्थांकडे प्रथम आमचे लक्ष गेले. जमिनीखालच्या तेलाकडे त्यांनी मोर्चा वळवला होता, हे नंतर समजले.

आमच्या बाजारात या कंपनीविषयी एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते: “आयबीपी आपल्या माणसाची होती, सरकारने हिरावून घेतली.” दुसरीकडे, कंपनीचा जो त्रोटक परिचय ठिकठिकाणी छापलेला आढळतो, त्यात १९०९ आणि रंगून एवढे लिहून लेखक एकदम राष्ट्रीयीकरणावर उडी मारतो. पहिल्या गोष्टीत जमाल आहेत पण हिसाब नाही. दुसरीत हिसाब आहे पण जमाल नाहीत. खरे काय ते कागदावरून ठरवावे लागते, आणि असा कागद कुठे व कसा शोधायचा हेच आज सांगायचे आहे. उद्या कोणाला आपल्याच जुन्या पेढीचा इतिहास लिहावासा वाटला तर हीच रीत कामी येईल.

पहिली अडचण शब्दांची आहे. ‘पेट्रोल कंपनी’ म्हणून शोधू लागाल तर १९०९ च्या आसपास फारसे काही हाती लागणार नाही. त्या काळी मोटारी मोजक्या होत्या. तेल कंपनीची खरी कमाई दिव्याच्या तेलावर चाले. कच्चे तेल उकळून निघणारा हलका भाग, ज्याला आज आपण पेट्रोल म्हणतो, तो सुरुवातीस जगभरच्या कारखानदारांना डोईजड वाटे, कारण त्याला गिऱ्हाईक नव्हते आणि आगीचे भय मोठे होते. म्हणून जुने कागद धुंडाळायचे ते केरोसीन, रॉकेल, घासलेट, मिट्टी का तेल या नावांखाली. आपला ‘रॉकेल’ हा शब्द इंग्रजी ‘रॉक ऑइल’वरून आला आणि ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’वरून. परदेशी माल आमच्या आईबहिणींच्या तोंडी बसून घरचा कसा झाला, ते यात दिसते. तेल संपल्यावर चार गॅलनचा तो चौकोनी डबा पाण्याला, धान्याला, झोपडीच्या छपराला उपयोगी पडे. तेलाइतकाच डबाही विकला जाई म्हणा ना!

दुसरी अडचण देशाच्या सरहद्दीची. ब्रह्मदेश आज परका मुलुख आहे, म्हणून त्याचे कागद परदेशातच असणार असे नवखा माणूस धरून चालतो. परंतु १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. रंगूनच्या कंपनीला हिंदुस्थानचाच कंपनी कायदा लागू होता, आणि तेलाच्या परवान्यांचा पत्रव्यवहार कलकत्ता व दिल्लीच्या सरकारी दफ्तरांत होत असे. म्हणून १९३७ पूर्वीची मालूमात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावी. तेथील याद्या आता ‘अभिलेख पटल’ या संगणकीय सोयीमुळे घरबसल्या पाहता येतात. लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे जुने दफ्तर आहे, पण आम्ही म्हणू की दिल्ली आटोपल्याशिवाय लंडनचा विचार करू नये. खर्च उगाच वाढतो.

आता तेलाच्या जागेकडे वळू. इरावती नदीच्या काठी येनानजाँग नावाचे गाव आहे. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे हाताने विहिरी खणून तेल काढले जात असे. १७९५ साली आलेला इंग्रजांचा वकील मायकेल साइम्स याने ते पाहून लिहून ठेवले आहे. या विहिरींची मालकी चोवीस घराण्यांकडे वंशपरंपरेने होती. त्यांना ‘त्विन्झा’ म्हणत, म्हणजे विहिरींचे वतनदारच. खणणाऱ्याला दोरीने खाली सोडीत, आणि वायूमुळे जीव गुदमरू लागण्याआधी वर ओढून घेत.

१८८६ साली स्कॉटलंडच्या डेव्हिड कारगिल यांनी बर्मा ऑइल कंपनी स्थापन केली आणि यंत्राने विहिरी खणण्यास सुरुवात झाली. सरकारने वतनदारांच्या जुन्या जागा राखून ठेवल्या होत्या. पुढे त्या राखीव भागातील जागा वतनदारांकडून विकत वा कराराने मिळू लागल्या, आणि लहान कंपन्यांना आत शिरण्याची वाट मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कापसाच्या शेताला बांध असतो, पण जमिनीखालच्या तेलाला बांध नसतो. शेजाऱ्याने खोल विहीर मारून जोराने उपसा केला, तर तुमच्या जागेखालचे तेल त्याच्याकडे जाते. म्हणून जागा हाती आली की विहीर ताबडतोब मारावी लागे, आणि त्यासाठी रोख भांडवल लागे. विहिरीला विहीर खेटून उभी राही. यंत्र, पोलादी नळ, परदेशी कारागीर हे सारे उधारीवर चालणारे काम नव्हते.

शिवाय तेल काढून भागत नव्हते. ते रंगूनजवळच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत न्यायचे कसे? बर्मा ऑइलने येनानजाँगपासून रंगूनजवळच्या सिरियमपर्यंत सुमारे पावणेतीनशे मैलांची नळवाट टाकली. ज्याच्याकडे नळवाट नाही, त्याला नदी, बार्ज आणि पावसाळ्याची मर्जी यांवर अवलंबून राहावे लागे. माल तोच, पण वाहतुकीत मार. हे गणित आमच्या वाचकांना समजावून सांगायला नकोच.

या पार्श्वभूमीवर १९०९ चा कागद वाचला की त्याचा अर्थ कळतो. इंडो-बर्मा पेट्रोलियम ही जमाल यांच्या पेढीचा तेलातील कारोबार आणि स्टील ब्रदर्स ही ब्रिटिश पेढी यांच्या मिळणीतून उभी राहिली. स्टील ब्रदर्स म्हणजे ब्रह्मदेशात तांदूळ आणि सागवान यांचा मोठा व्यापार करणारी पेढी, लंडनच्या भांडवल बाजारात पत असलेली. जमाल यांच्याकडे स्थानिक ओळख, हिंमत आणि तेलातला पाय होता. स्टीलकडे भांडवल आणि जहाजापर्यंतची साखळी होती. मॅनेजिंग एजन्सी स्टील ब्रदर्सकडे गेली.

मॅनेजिंग एजन्सी म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. कंपनी भागधारकांची, पण कारभार चालवणारी पेढी वेगळी. खरेदी तिची, विक्री तिची, नोकरमाणसे तिची, आणि त्याबद्दल कमिशनही तिचेच. आपल्याकडे १९७० साली ही पद्धत कायद्याने बंद झाली. पाटीवर नाव कोणाचे आहे यापेक्षा गल्ला कोणाच्या हातात आहे हे पाहावे, असे आमचे वडीलधारे सांगत. इंडो-बर्माचा गल्ला स्टील ब्रदर्सच्या हाती होता. इतिहास शोधणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, कंपनीच्या नावाने शोधून जितके सापडेल त्याहून अधिक तिच्या मॅनेजिंग एजंटाच्या नावाने सापडते. स्टील ब्रदर्सच्या शंभर वर्षांचा वृत्तांत ब्राउंड या लेखकाने १९७५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. प्रतिस्पर्धी बर्मा ऑइलचा इतिहास कॉर्ली या अभ्यासकाने १९८० च्या दशकात दोन खंडांत लिहिला. या पुस्तकांत जमाल कोठे येतात आणि कोठे गायब होतात, हे पेन्सिलीने टिपून घ्यावे. प्रतिस्पर्ध्याच्या वहीत आपल्याविषयी कधी कधी अधिक खरे लिहिलेले असते!

जमाल यांच्या काळातले एक पुस्तक अवश्य पाहावे. अर्नोल्ड राइट यांनी १९१० साली संपादित केलेला ब्रह्मदेशाविषयीचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ. त्यात रंगूनच्या व्यापारी पेढ्या, गिरण्या आणि मालक यांची वर्णने व छायाचित्रे आहेत. मात्र अशा ग्रंथांत पेढ्यांची तारीफ फार असते. तारीफ वजा करून गिरण्यांची संख्या, पत्ते, भागीदारांची नावे एवढेच घ्यावे.

उत्पादनाचे आकडे हवे असतील तर भूगर्भशास्त्र खात्याची जुनी प्रकाशने उत्तम. त्यांच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये खनिज तेलाचे आकडे येत असत, आणि पॅस्को या भूगर्भतज्ज्ञाचा ब्रह्मदेशातील तेलक्षेत्रांवरील ग्रंथ १९१२ साली याच खात्याने काढला. मुंबईत एशियाटिक सोसायटी, कलकत्त्यात राष्ट्रीय ग्रंथालय अशा जुन्या ग्रंथसंग्रहांत ही प्रकाशने विचारावीत. थॅकरची वार्षिक डिरेक्टरीही तेथेच विचारावी. डिरेक्टरीचा एकच अंक पाहून काही कळत नाही. दहा-पंधरा वर्षांचे अंक ओळीने लावावेत, म्हणजे कोणत्या साली कोणाचे नाव आले, कोणत्या साली पत्ता बदलला, कोणत्या साली एजंट बदलला, हे आपोआप डोळ्यांपुढे येते. काम कंटाळवाणे आहे, पण थानांची मोजणी करणाऱ्याला कंटाळून कसे चालेल?

१९२७-२८ च्या सुमारास केरोसीनच्या भावाची मोठी लढाई झाली. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलने रशियन माल घेतला म्हणून शेलने भाव पाडले, आणि त्या झटापटीत ब्रह्मदेशातील कंपन्या भरडल्या गेल्या. त्यांनी सरकारकडे संरक्षण मागितले, आणि १९२८ साली प्रशुल्क मंडळाने चौकशी केली. त्याच साली बर्मा ऑइल आणि शेल यांनी हिंदुस्थानातील विक्रीसाठी बर्मा-शेल ही जोडकंपनी काढली. तीच १९७६ साली सरकारच्या ताब्यात जाऊन पुढे भारत पेट्रोलियम झाली. अशा चौकशीचे कागद म्हणजे संशोधकाला मोठी मेजवानी. कारण एरवी खर्च, भाव, नफा लपवणारी कंपनी संरक्षण मागायला गेली की स्वतःहून आकडे पुढे मांडते. अर्थात रडगाण्याचे आकडे फुगवलेलेही असतात. विक्रीकराच्या कचेरीत आणि बँकेत आपण एकच ताळेबंद दाखवतो का, एवढे स्वतःला विचारले म्हणजे पुरे!

आता कागद कमी का सापडतात ते पाहू. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनच्या दारात आल्या. शत्रूच्या हाती तेल लागू नये म्हणून इंग्रजांनी स्वतःच सिरियमचा कारखाना ७ मार्च रोजी उडवून दिला. रंगूनजवळचे इतर कंपन्यांचे कारखाने आणि मागाहून येनानजाँगच्या विहिरीही अशाच निकामी केल्या. लाखो हिंदी माणसे पायी डोंगर ओलांडून निघाली, कित्येक वाटेतच मेली. अशा वेळी वह्या-खतावण्या कोण बरोबर घेणार? रंगूनमधील आपल्या पेढ्यांचे गुजराती व उर्दू हिसाब याच धामधुमीत मोठ्या प्रमाणात गेले असणार. पुढे १९५४ साली तेथील तेल कंपन्यांनी ब्रह्मी सरकारशी भागीदारी केली आणि १९६३ साली तो सारा उद्योग तेथील सरकारचा झाला.

या विध्वंसाबाबत बर्मा ऑइलने नुकसानभरपाईचा दावा केला होता. १९६४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सरकारने भरपाई द्यावी असा निकाल दिला. तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने १९६५ साली मागील तारखेपासून लागू होणारा कायदा करून तो निकालच निष्फळ केला. कोर्टात जिंकूनही दाव्याचे पैसे मिळाले नाहीत! या दाव्याचे निकालपत्र छापील आहे आणि कायद्याच्या ग्रंथालयात मिळते. कोणाच्या हुकमाने काय पाडले गेले, याचा उल्लेख त्यात आहे. शहरात वकील मित्र असेल तर त्याच्याकरवी हे काम एका दिवसात होते.

युद्धानंतर इंडो-बर्मा हिंदुस्थानात तेलविक्री करीत राहिली, मुख्य कचेरी कलकत्त्याला. १९७० साली ती इंडियन ऑइलच्या ताब्यात आली आणि त्यानंतर थेट केंद्र सरकारची कंपनी झाली. येथे बाजारातल्या त्या गोष्टीचा निकाल लागतो. जमाल यांचा इंतकाल १९२४ साली झाला होता, आणि १९७० पर्यंत कंपनीवरचा वरचष्मा त्यांच्या वारसांचा नव्हे, तर ब्रिटिश पेढीचा होता. म्हणून ‘आपल्या माणसाकडून सरकारने हिरावली’ हे म्हणणे कागदावर टिकत नाही. आमच्या काही मित्रांना हे रुचणार नाही. पण जमाल यांचे मोठेपण त्यासाठी खोटे सांगावे इतके लहान नाही. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइललाही १९०२ साली ब्रह्मदेशात तेल शोधण्याचा परवाना नाकारला गेला होता. अशा कडेकोट बंदोबस्ताच्या धंद्यात एका हिंदी व्यापाऱ्याने पाय रोवला, एवढे सिद्ध सत्य पुरेसे आहे.

सरकारी झाल्यावर मात्र कागदांची टंचाई संपते. सरकारी कंपनीचे वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. त्यांतून कळते की ही कंपनी फक्त पंपांवर थांबली नाही. तिने खाणींसाठी स्फोटके केली, आणि आपल्या नाशिकला द्रवरूप नायट्रोजन साठवण्याची अतिथंड भांडी बनवण्याचा कारखाना काढला. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी वाफाळणारे जे भांडे दिसते, ते याच जातीचे. विलीनीकरणानंतर तो कारखाना इंडियन ऑइलकडे गेला. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने आपला ३३.५८ टक्के हिस्सा विकला, तेव्हा इंडियन ऑइलने दहा रुपयांच्या शेअरला १,५५१ रुपये भाव देऊन एकूण १,१५३ कोटी ६८ लाखांना तो घेतला. एवढा भाव कशाला, म्हणून तेव्हा बोलबाला झाला. हमरस्त्यावरच्या मोक्याच्या जागा आणि बांधलेले गिऱ्हाईक यांची ती किंमत होती, असे आमचे मत आहे. गुडविल म्हणतात ते हेच.

राहिला प्रश्न आपल्या गावातील पुराव्याचा. आमच्या धंद्यात कच्ची चिठ्ठी, पक्के बिल आणि तोंडी वायदा यांत जसा फरक करतो, तसाच येथे करावा. घटना घडली त्याच वेळी लिहिलेला कागद हे पक्के बिल. वीस-तीस वर्षांनी लिहिलेली आठवण ही कच्ची चिठ्ठी. “आमचे दादा सांगायचे” हा तोंडी वायदा. तो टाकून देऊ नये, पण दुसऱ्या कागदाशी जुळल्याशिवाय जमेलाही धरू नये. वृद्धांशी बोलताना “कंपनी कोणाची होती?” असे विचारू नये, कारण उत्तर ऐकीव मिळते. “डबे कुठे उतरत, गाडीभाडे किती, उधारी किती दिवसांची, पावती कोणत्या भाषेत?” असे विचारावे. याची उत्तरे माणूस आपल्या अनुभवातून देतो.

चोर बाजारात जुन्या तेल कंपन्यांच्या मीनाकारी पाट्या मिळतात. त्यांतल्या कित्येक नव्याने बनवून गंजवलेल्या असतात. खऱ्या पाटीचा मीना काचेसारखा असतो, टवका उडाला की खालचा पत्रा काळपट दिसतो, आणि खिळ्यांच्या भोकांभोवती झीज असते. सारा गंज एकसारखा दिसला तर पुढच्या दुकानात जावे. पुरावा म्हणून पाटीपेक्षा कागदच बरा.

कागद म्हणजे कोणते? पेट्रोलियम साठवण्यासाठी १८९९ च्या आणि नंतर १९३४ च्या कायद्याखाली परवाना लागे. ज्या घराण्यांत पूर्वी रॉकेलची एजन्सी होती, त्यांच्या पेटीत असा परवाना, एजन्सीचे नेमणूकपत्र, रेल्वेची पावती, अनामत रकमेची पोच असण्याचा संभव आहे. दर शाबानात साफसफाई होते आणि पोती भरून रद्दी जाते. त्या पोत्यात उर्दू आणि गुजराती वह्या सर्वात आधी जातात, कारण घरातल्या मुलांना त्या वाचता येत नाहीत. वह्या द्यायच्याच असतील तर निदान पहिले व शेवटचे पान आणि सुट्या पावत्या काढून ठेवाव्यात. मोबाइलवर फोटो काढताना पानाशेजारी वर्ष लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, नाहीतर महिनाभराने कोणते पान कोणत्या वहीचे हे कळत नाही. हिजरी, विक्रम संवत आणि इसवी सन यांचा घोळ फार होतो. जुनी गुजराती वही दिवाळीपासून सुरू होते हे विसरू नये.

मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात किंवा दिल्लीस अर्ज करताना “तेल कंपन्यांचा इतिहास” असे मोघम लिहू नये. कारकून काय शोधणार? खाते, वर्ष आणि नाव लिहावे. उदाहरणार्थ : वाणिज्य व उद्योग खाते, १९०८ ते १९१२, ब्रह्मदेश, पेट्रोलियम, जमाल. जमाल या नावाची इंग्रजी अक्षरजुळणीही दोन-तीन प्रकारे देऊन पाहावी, कारण आमच्या नावांचे स्पेलिंग त्या काळचे कारकून ऐकू येईल तसे लिहीत. जमालच्या ‘ए.’ या एका अक्षरापुढे कधी ‘अब्दुल’ असते, तर कधी निव्वळ टिंब असते.